गिरणी कामगारांची घरकुले : मालकी आणि पोटभाडे (महाड–पोलादपूर)

गिरणी कामगारांची घरकुले, भाड्याने देण्याचा वाद : मुंबईतील बंद कापडगिरण्यांच्या जमिनींवर, आणि नंतर पनवेलजवळच्या कोन येथे, म्हाडाने सोडतीने दिलेल्या घरांत कामगाराने किंवा त्याच्या वारसाने स्वतःच राहावे की ती भाड्याने द्यावीत, यावरून चालत आलेला वाद. रायगडच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांना तो जवळचा आहे. इथल्या डोंगराळ गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणगावात गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर त्यांतली बरीचशी गावी परतली, आणि घराची सोडत निघाली तोवर उमेद सरली होती. १९८२ साली पंचवीस वर्षांचा असलेला कामगार २०१२च्या सोडतीला पंचावन्न वर्षांचा होता, २०२०च्या सोडतीला त्रेसष्ट वर्षांचा. अशा माणसाने परळची किंवा कोनची खोली भाड्याने लावून गावी, सावित्री नदीच्या खोऱ्यात राहावे, यात गैर काय? प्रस्तुत नोंदीचे उत्तर असे की, भाड्याने देण्यात गैर काही नाही. नुकसान झाले ते दुसरीकडे. भाड्यासाठीच बांधलेली सरकारी घरे विकून टाकली, तिथे.

पोटभाडे ही गिरणगावात नवी गोष्ट नव्हे. चाळीतील दहा बाय बाराची खोली एकाच्या नावावर असे आणि तीत पाळ्या लावून गावचे दहा-पंधरा जण राहत. रात्रपाळीचा सकाळी आला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून निघे. ट्रंका भिंतीशी एकावर एक, कपडे दोरीवर, जेवण खाणावळीत. खोली गावकीची मानली जाई आणि ज्याच्या नावावर असे तो वर्गणीवजा भाडे गोळा करी. कायद्याने हे वेळोवेळी आधी नाकारले आणि मग मान्य केले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे बेकायदा ठरवले, १९५९च्या अध्यादेशाने तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले, १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहारालाही जागा करून दिली. या इतिहासाकडे पाहिले तर ‘घर मिळाले त्याने त्यातच राहावे’ हा आग्रह मुंबईत कधी फारसा पाळला गेला नाही असेच दिसते. तो आज गिरणी कामगाराच्या बाबतीतच एवढ्या नैतिक सुरात मांडला जावा, हे जरा विचित्र आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे : ज्याचे महाडला घर आहे, शेत आहे, त्याला मुंबईत घराची गरज नव्हती, ते खऱ्या गरजूला मिळायला हवे होते. हे घर गरिबांसाठीच्या इतर योजनांतील घरासारखे मानले, तर हा युक्तिवाद पटतो. पण गिरणी कामगारांचे घर गरज मोजून दिलेले नाही. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असणे ही त्याची पात्रता आहे. पुरावा म्हणून मागतात तोही तिकीट नंबर, हजेरीपत्रक, पगारपावती, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक असा, म्हणजे नोकरीचा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा म्हाडाकडे जाईल असे ठरवले होते. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि हिस्सा आकसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. म्हणजे घर हा गेलेल्या नोकरीचा आणि विकल्या गेलेल्या जमिनीचा मोबदला आहे, तोही कापून मिळालेला. मोबदल्याच्या पैशाचे काय करावे हे आपण कुणाला विचारत नाही. कोहिनूर गिरणीची जमीन ४२१ कोटींना विकली गेली. त्या जागेवर पुढे काय चालते, याची चौकशी करायला कोणी अधिकारी दारोदार फिरत नाही.

आकडे पाहिले की वाद किती छोट्या ढिगावरून चालला आहे ते कळते. २०१२च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, मे २०१६मध्ये २,६३४, डिसेंबर २०१६मध्ये कोनची २,४१७ आणि मार्च २०२०मध्ये ३,८९४. एकूण १५,८७०. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. शंभरातल्या नवांना घर मिळाले. मुंबईतली घरे २२५ चौरस फुटांची. किंमत आधी साडेसात लाख, नंतर साडेनऊ लाख. ही रक्कम उभी करताना गावाकडे दागिने मोडले गेले, पतपेढीचे कर्ज निघाले. दुसऱ्या पारड्यात निवृत्तिवेतन : कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेत किमान पेन्शन २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. एवढ्या पेन्शनवर उंच इमारतीचे देखभाल शुल्क भरत तिथेच राहणे म्हाताऱ्या जोडप्याला कसे जमावे? भाडे आले तर कर्ज फिटते, सोसायटीचे बिल भागते आणि गावी औषधपाण्याला चार पैसे उरतात. त्याला नफेखोरी म्हणणे जड जाते.

दुसरा आक्षेप दलालांचा, आणि तो खरा आहे. सोडतीनंतर, कधी तर सोडतीआधीच, मुखत्यारपत्र आणि इसारापोटी थोडी रक्कम घेऊन हक्क विकले गेल्याच्या तक्रारी गिरणी कामगारांच्या संघटनाच करत आल्या आहेत. मात्र यावर भाडेबंदी हा उपाय नव्हे. विक्रीवर काही वर्षांची बंदी असते, भाड्याने द्यायला म्हाडाची परवानगी लागते. ही परवानगी जितकी किचकट तितका पोलादपूरच्या वाडीतला वारस दलालाच्या हाती जातो, कारण त्याला दर खेपेला एसटीने मुंबई गाठून दिवस मोडावा लागतो. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार सोपा असेल, तर घर नावावर ठेवून उत्पन्न घेता येते आणि घरच गरजेपोटी फुंकून टाकण्याची पाळी येत नाही. भाड्याला मोकळीक दिली तर विक्री कमी होते, असा याचा अर्थ.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : सार्वजनिक खर्चाने उभे राहिलेले घर खाजगी भाड्याचे साधन का व्हावे? मुंबईतल्या घरांना हा आक्षेप फारसा लागत नाही. कोनच्या घरांना पुरेपूर लागतो. २००८च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. बिल्डरला चार चटई क्षेत्र निर्देशांक द्यायचा, त्याने १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायच्या आणि प्राधिकरणाने त्या अल्प भाड्याने कष्टकऱ्यांना द्यायच्या, अशी कल्पना. पैसा रोख दिसत नव्हता इतकेच. वाढीव चटई क्षेत्राच्या रूपाने किंमत जनतेनेच मोजली होती. मग शासनाने यातली निम्मी घरे गिरणी कामगारांना देण्याचे ठरवले, दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे घर केले आणि सहा लाखांना मालकी हक्काने विकले. मधे करोनाकाळात तिथे विलगीकरण केंद्र झाले आणि सोडत जिंकलेल्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. कोन महाडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. ना गाव, ना गिरणगाव. त्यामुळे ते भाड्याने जाणे जवळजवळ ठरलेलेच होते. गंमत अशी की ज्या खोलीत प्राधिकरणाचा भाडेकरू राहायचा होता तिथे आज भाडेकरूच राहतो. फक्त भाडे बाजाराचे, करार अकरा महिन्यांचा आणि अनामत वेगळी. यात कामगाराला दोष देता येत नाही. त्याला जे देऊ केले ते त्याने घेतले. एका ऋणातून सुटण्यासाठी शासनाने दुसऱ्याच माणसाची, पनवेल-रसायनीच्या कारखान्यांत राबणाऱ्या भाडेकरूची, चीजवस्तू उचलून दिली.

ब्रिटनचा अनुभव हेच सांगतो. १९८०च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना भरघोस सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि एकट्या इंग्लंडात वीस लाखांच्या आसपास घरे विकली गेली. पुढे त्यांतली बरीच खाजगी घरमालकांच्या हाती गेली आणि काही ठिकाणी नगरपालिकाच आपल्या जुन्या घरात बेघर कुटुंब ठेवण्यासाठी बाजारभावाने भाडे मोजू लागली. स्कॉटलंडने २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली हा हक्क बंद केला. तिथेही घर घेणाऱ्या भाडेकरूने काही चूक केली नव्हती. विकलेल्या घराच्या जागी नवे बांधले गेले नाही, ही खोट होती. भारतात तर मुळातच सार्वजनिक भाडेघर दुर्मीळ. जनगणनेनुसार १९६१ साली शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ साली हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आले. २०२०च्या टाळेबंदीत मजूर पायी निघाले तेव्हा केंद्राला परवडणाऱ्या भाडेसंकुलांची योजना आणावीशी वाटली, आणि कोनसारखी घरे तोवर विकून झाली होती.

महाडमध्ये याची दुसरी बाजू दिसते. महाड औद्योगिक वसाहतीतील रसायन कारखान्यांत परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि बिरवाडी व आसपासच्या गावांत ते खाजगी खोल्यांतून दाटीवाटीने राहतात. तिथला घरमालक अनेकदा जुन्या चाकरमान्याच्याच घरातला असतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात तारिक गार्डन ही पाचमजली इमारत कोसळून सोळा जण दगावले. बांधकामाच्या दर्जाची चर्चा झाली, परवडणाऱ्या भाड्याच्या सरकारी घराची झाली नाही.

सध्याचा वाद कर्जत तालुक्यातील शेलू आणि ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथील प्रस्तावित ८१ हजार घरांवर आला आहे. किंमत साडेनऊ लाख. मार्च २०२४च्या शासन निर्णयात कलम १७ असे होते की, ही घरे नाकारणाऱ्याचा हक्कच संपेल. ते रद्द करावे आणि घरे मुंबईतच द्यावीत, या मागणीसाठी ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर आंदोलन झाले. पोलादपूरच्या वारसाला शेलूला जाऊन राहण्याचे काहीच कारण नाही. त्याने घर घेतलेच तर ते भाड्याने देण्यासाठी किंवा पुढेमागे विकण्यासाठी घेईल, आणि हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानता येत नाही.