किशोरवयीनांचा फावला वेळ : सिंदी (रेल्वे) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

'हल्लीची मुले मैदानावर दिसत नाहीत' ही तक्रार शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येते. इतिहासाच्या अभ्यासकाने ती जशीच्या तशी स्वीकारू नये. कारण पूर्वी मैदानावर नेमके कोण दिसत होते, हा प्रश्न तीत विचारलेलाच नसतो.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील सिंदी हे गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर वसलेले आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि पुढे गावाच्या नावालाच 'रेल्वे' हा शब्द जोडला गेला. गाडीच्या वेळा घड्याळाच्या असल्या, तरी मुलांचा रिकामा वेळ मात्र शेतीच्या पंचांगावर चालत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे भरणारा तान्हा पोळा विदर्भात प्रसिद्ध आहे. लाकडी नंदी सजवून मिरवणे आणि घरोघरी बोजारा मागणे हा मुलांचा हक्काचा आनंद. मात्र दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की शेतमजुरांच्या मुलांची सुटी वेचणीतच जाई. फावला वेळ सर्वांना सारखा कधीच नव्हता.

मुलींच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणे आणि झाकलेली खिरापत ओळखणे, एवढा महिनाभराचा अवकाश त्यांच्या वाट्याला येई. तोही लग्नापर्यंतच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. ते १८ होण्यास १९७८ साल उजाडले. ज्या समाजात चौदाव्या वर्षी संसार सुरू होत होता, तेथे मुलींच्या 'किशोरवयीन विरंगुळ्या'ची चर्चा करणेच धाडसाचे ठरेल. शाळेतील वाढलेली वर्षे आणि लांबलेले लग्न यांनी हे वय प्रथम निर्माण केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढील बदल परिचित आहेत. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. १९७१ मध्ये बालभारतीचे 'किशोर' मासिक निघाले. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिकेने रविवारची सकाळ घरात बसविली. ज्यांच्याकडे दूरदर्शन संच नव्हता, ती मुले शेजाऱ्याच्या ओसरीवर बसली. म्हणजे पडदा आला तरी सोबत सुटली नव्हती. ती सुटली मोबाईलमुळे. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्ग आणि खेळ दोन्ही एकाच यंत्रात आले व अभ्यासाची वेळ कोठे संपते हे सांगणे कठीण झाले.

तरीही बदलाचे मोजमाप केवळ मैदान आणि मोबाईल यांच्या तुलनेने होणार नाही. घरात एकच मोबाईल असेल तर तो आधी कोणाच्या हाती जातो, आणि त्या वेळी घरातील पाणी कोण भरते, याची नोंद स्थानिक अभ्यासात घ्यावी लागेल. त्यासाठी आजीच्या पिढीतील स्त्रियांच्या मुलाखती अद्याप शक्य आहेत.