फंदीचा डफ आणि पडद्यावरचा शृंगार

प्रौढ रसिकाने आवर्जून पाहावेत असे शृंगारप्रधान चित्रपट कोणते, असे विचारले की आपल्याकडील जाणकार बहुधा ओशिमा, बेर्तोलुची यांच्यापासून सुरुवात करतात. ही नावे मोठी आहेत, याविषयी वाद नाही. परंतु मराठी चित्रपटालाही शृंगाराची स्वतःची एक परंपरा आहे आणि तिची मुळे चित्रपटाच्या जन्मापूर्वीची, लावणीतली आहेत. ती नीट पाहायची तर मुंबई-कोल्हापूरच्या स्टुडिओंत जाण्यापूर्वी अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरला जावे लागते.

अनंत फंदी (१७४४–१८१९) हा शाहीर संगमनेरचा. आडनाव घोलप, मलिक फंदी नावाच्या फकिराच्या स्नेहामुळे 'फंदी' हे नाव त्याला चिकटले, असे सांगतात. ब्राह्मण असून तो फडावर उभा राहिला, लावण्या रचल्या, गायला. त्याची सर्वश्रुत आख्यायिका अशी : तो महेश्वरला गेला असता अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली. ब्राह्मणाने तमाशात डफ वाजवावा हे त्यांना रुचले नाही. फंदीने डफ फोडला आणि तो कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळून तो अहिल्यानगर झाला. म्हणजे डफ वाजवणारा आणि तो थांबवणारी, दोघेही एकाच जिल्ह्याचे.

ही कथा खरी किती, याहून ती इतक्या आवडीने का सांगितली जाते, हे मला महत्त्वाचे वाटते. सोलापूरच्या राम जोश्याच्या चरित्रकथेतही तमाशा आणि कीर्तन यांच्यातील हेलकावे आहेत. शृंगार पोटभर ऐकावा आणि शेवटी शाहिराकडून प्रायश्चित्त करवून घ्यावे, अशी एक रीतच आपण पाडली. रसिकाला आनंद मिळतो आणि त्याची अब्रूही शाबूत राहते. या व्यवहाराची किंमत मात्र तिसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते.

ती कुणी मोजली, हेही संगमनेर तालुक्यातच दिसते. हिवरगाव पावसा या गावची पवळा ही महार समाजातील नर्तकी. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या फडात ती उभी राहिली आणि दोघांचे नाव महाराष्ट्रभर झाले. बापूरावांनी तमाशासाठी आपले ब्राह्मण्य सोडले, याची नोंद साहित्याच्या इतिहासात आदराने होते. परंतु लावणीची रचना जरा तपासून पाहावी. तिच्यात बोलणारी बहुधा स्त्री असते. ती साजणाला बोलावते, रुसते, आपल्या देहाचे सुख मागते. लिहिणारा पुरुष असतो आणि शेवटच्या ओळीत नाममुद्रा त्याची येते. ज्या बाईच्या गळ्यातून आणि पायांतून ते सारे प्रेक्षकापर्यंत पोचते, तिचे नाव रचनेत कोठेच नसते. बापूरावांनी जे सोडले ते त्याग ठरले. पवळेकडे सोडण्यासारखे काही मानलेच गेले नव्हते.

मराठी बोलपटाने लावणी उचलली ती या रचनेसह. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणा आणि संहितांची तपासणी या अटींवर ती उठली. नेमक्या त्याच काळात, १९४७ साली, राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' पडद्यावर आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, राम जोशी जयराम शिलेदार आणि बया हंसा वाडकर. खऱ्या फडावरील बाईची लावणी तपासणीखाली होती आणि पडद्यावरची लावणी मध्यमवर्ग सहकुटुंब पाहत होता. शृंगाराला चरित्राची आणि पश्चात्तापाची चौकट मिळाली की तो चालतो, हे चित्रपटाने फार लवकर ओळखले. प्रौढ प्रेक्षकाने हा चित्रपट आज पाहावा तो ही चौकट कशी बांधली जाते हे समजण्यासाठी.

दुसरी शिफारस अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाची. पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. येथे तमाशातली बाई बोर्डावर उभी राहून गावच्या पाटलाचे पाप उघडे करते. बघणारा आणि दिसणारी यांच्या नात्यात प्रथमच उलथापालथ होते; ज्याने आजवर फक्त पाहिले, त्याच्याकडे आता सारे गाव पाहू लागते. त्यात काम केलेल्या हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले. ते १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटील यांनी उभी केलेली त्यातली उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते; तिची ओढ, तिचा कंटाळा, तिची एकाकी खोली, काहीच झाकलेले नाही. तिच्याकडून कोणी प्रायश्चित्त मागत नाही. उघडी दृश्ये जवळपास नसतानाही हा चित्रपट पूर्णपणे प्रौढांचा आहे.

१९७२ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी शांतारामांचा 'पिंजरा' आला. त्याचे मूळ योसेफ फॉन श्टर्नबर्ग यांच्या 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटात, आणि त्याचेही मूळ हाइनरिख मान यांच्या कादंबरीत आहे. जर्मन चित्रपटातील प्राध्यापक उद्ध्वस्त होऊन आपल्या जुन्या वर्गात, आपल्याच टेबलाशी मरतो. मराठी रूपात एक विलक्षण भर आहे. तमाशाच्या नादी लागलेले मास्तर मेले असे गाव समजते, त्यांचा पुतळा उभारते, आणि अखेर मास्तरांवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. आदर्शाची प्रतिमा टिकावी म्हणून ते फाशी पत्करतात. फंदीच्या फुटलेल्या डफाची ही टोकाची आवृत्ती आहे. मास्तर गेले तरी चालतील, पुतळा भंगता कामा नये. डॉ. श्रीराम लागू यांच्या चेहऱ्यावर पहिल्या मोहाचा क्षण ज्या तऱ्हेने उमटतो, त्यासाठी 'पिंजरा' पाहावाच. परंतु त्याचा न्याय मान्य करून नव्हे.

त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले. 'पिंजरा'त तमाशातला माणूस रंगवणारे निळू फुले येथे सखाराम होते. 'पिंजरा' घराघरांतून पाहिला गेला. 'बाइंडर'वर मात्र परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, प्रयोग थांबले, आणि कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, जेथे निकाल नाटकाच्या बाजूने लागला. दोन्हींत वासना आहे. फरक इतकाच की 'बाइंडर'मध्ये चंपाला किंवा सखारामला सुधारून घेण्याची तसदी लेखकाने घेतली नाही.

कायदा या काळात समाजापेक्षा थोडा पुढे होता, असे म्हणावे लागते. चंद्रकांत काकोडकर यांच्या, 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. मात्र लैंगिकता आणि अश्लीलता नेहमीच एक नसतात, असेही बजावले. 'ए' प्रमाणपत्राचा अर्थ खरे तर हाच असायला हवा होता. आपण तो 'आंबटशौकिनांसाठी' असा केला.

प्रायश्चित्ताविना शृंगार कसा दिसतो, याचे मराठीतील सुंदर उत्तर डॉ. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील या चित्रपटात ठाकर समाजातील चिंधी नवऱ्याला सोडून नाग्याला स्वतः निवडते. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांत देहाची ओढ पाऊस, डोंगर आणि मध यांच्याशी एकजीव होते. पुढे शोकांतिका आहे. पण ती नाग्याच्या हट्टातून येते, चिंधीच्या इच्छेतून नव्हे. तिच्या इच्छेला कथा कोठेही गुन्हा मानत नाही.

त्यानंतर फार वर्षांनी अमोल पालेकरांचा 'अनाहत' (२००३) आला. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर तो आधारलेला आहे. प्राचीन मल्लराज्यात राजाला अपत्य होऊ शकत नाही, म्हणून राणी शीलवतीने एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडावा, असा धर्मसंमत आदेश निघतो. तिची इच्छा कोणी विचारत नाही. पहाटे ती परतते ती देहसुखाचा अर्थ समजलेली स्त्री म्हणून, आणि ज्यांनी तिला पाठवले त्यांनाच जाब विचारते. राज्याला वारस हवा होता. तिला मात्र स्वतःची ओळख पटली. शृंगार येथे बव्हंशी शब्दांत आणि प्रतीक्षेत आहे. लावणीतल्या स्त्रीने जे पुरुषाच्या लेखणीतून मागितले होते, ते येथे ती आपल्या अधिकारात बोलते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रपट सुचवायचा झाला, तर मी हा सुचवीन.

शेवटी रवी जाधव यांचा 'न्यूड' (२०१८). चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसून मुलाला वाढवणाऱ्या यमुनेची ही कथा. २०१७ च्या गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवातून निवड होऊनही तो वगळला गेला. पुढे मंडळाने तो काटछाट न करता 'ए' प्रमाणपत्रासह संमत केला. यात कामुक असे फारसे काही नाही, आणि तोच त्याचा मुद्दा आहे. विद्यार्थ्यांची नजर देहाकडे पाहते आणि रेषा शोधते. बाहेरच्या जगाची नजर तोच देह पाहते आणि गुन्हेगार शोधते. पवळेकडे पाहणाऱ्या नजरांतही हा फरक असला पाहिजे. तो कोणी लिहून ठेवला नाही.

ही यादी लहान आहे आणि तिच्यातील बहुतेक चित्रपटांत उत्तान असे नाव घेण्याजोगे काही नाही. तरीही मी तिला प्रौढांची यादी म्हणतो. वय अठरा झाल्याने प्रेक्षक प्रौढ होत नाही. समोरच्या स्त्रीच्या इच्छेचा आनंद घेऊन झाल्यावर तिच्याकडूनच पश्चात्तापाची मागणी न करणे, ही प्रौढत्वाची खूण आहे. आख्यायिकेतल्या फंदीने डफ फोडला, त्याला दोन शतके उलटून गेली. कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांच्यासारख्या कलावतींच्या फडांमुळे त्याच संगमनेरात ढोलकी मात्र वाजत राहिली. पुरुषाला डफ फोडून कीर्तनकार होता आले. त्या बायांना ती वाट कोणी दाखवली नाही, आणि त्यांनी ती मागितल्याचेही कोठे ऐकिवात नाही.