देवाचा दरबार
नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली (पहा : अमेरिकन मराठी मिशन). मंडळीची कोणती रीत शुभवर्तमानातली आणि कोणती मिशनऱ्यांसोबत परदेशातून आलेली, हा भेद या उपक्रमाच्या मुळाशी होता. मिशनच्या मंडळीत बाप्तिस्म्यावाचून सभासदत्व नसे. दरबारात मात्र बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. उपासनेसाठी टिळकांनी अभंग व कीर्तन हे देशी प्रकार आधीच रूढ केले होते (पहा : ख्रिस्ती कीर्तन). ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबार पुढे फार टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्या अजून गातात.