उंदीर पडले की...

आमची आजी सांगायची, प्लेगात घरात उंदीर पडले की कुळगावची माणसं गोधड्या उचलून शेतात झोपड्या बांधत. १८९६ साली मुंबईत साथ आली तेव्हा म्युनिसिपालटीने घाणीला दोष देऊन गटारं धुतली. आधी उंदीर, मग माणसं, हे सगळ्यांना दिसत होतं. मधली पिसू १८९८ साली कराचीत सिमाँने दाखवली. कुणाला पटेना. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेले गिनीपिग वाचले, तेव्हा पटलं.

घर सोडूनही आजीचा भाऊ गेला. गोधडीतूनच पिसवा गेल्या असणार, असं मन म्हणतं. पण एकामागून दुसरं घडलं म्हणजे एकामुळेच घडलं असं नव्हे, हे वर्गात मीच शिकवायचो ना!