समुद्राचं तिकीट

गेल्या जुलैमधली गोष्ट. ऑनसाईट आल्यावरचा माझा पहिलाच उन्हाळा. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये डोकं शिजत होतं, म्हणून आम्ही चौघे रूममेट गाडी काढून जर्सी शोअरला निघालो. गाव कुठलं ते जाऊ दे. वाळूवर पाय ठेवणार तोच एक शाळकरी पोरगी खुर्चीतून उठली आणि बिल्ला मागायला लागली. बिल्ला नसेल तर माणशी बारा डॉलर. आम्ही सगळे कोकणचे किनारे बघत वाढलेले. गाडी लावायची पावती फाडलेली आठवते, पण लाटेत पाय भिजवायचे पैसे? अठ्ठेचाळीस डॉलरचे मनातल्या मनात रुपये केले (नवीन माणसाची ही खोड जाता जात नाही) आणि आमच्यातला एक जण चक्क गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर उरलेला विकांत ह्या बिल्ल्याचा माग काढण्यात घालवला.

सुरुवात ब्रॅडली बीच गावाने केली, १९२९ साली. रेल्वे होतीच, आता सामान्य माणसाच्या हाती मोटार आली होती. शहरातून लोक सकाळी यायचे, डुंबायचे आणि संध्याकाळी परत जायचे. हॉटेलात राहणारा पाहुणा गावात पैसे सोडतो, हे मात्र कचरा सोडून जातात, अशी गावाची तक्रार. हळूहळू शेजारची गावं बिल्ले विकायला लागली. १९५५ मध्ये राज्याने कायदाच केला की किनारा राखायचा खर्च म्हणून गावांनी वाजवी फी घ्यायला हरकत नाही. जीवरक्षक, साफसफाई, स्वच्छतागृहं हे फुकट होत नाही, इथपर्यंत मलाही पटतं.

खरी गंमत पुढे आहे. एव्हन-बाय-द-सी हे छोटंसं गाव. त्याला लागूनच नेपच्यून सिटी, पण तिला समुद्र नाही. १९७० मध्ये एव्हनने नियम बदलला: सबंध हंगामाचा स्वस्त बिल्ला फक्त गावच्या रहिवाशांना आणि करदात्यांना, बाहेरच्यांनी रोजचा नाहीतर महिन्याचा घ्यावा. म्हणजे रस्त्यापलीकडे राहणाऱ्याला तोच समुद्र महाग. नेपच्यून सिटी सरळ कोर्टात गेली. (गावाने गावावर केस करायची! आपल्याकडे हे पाण्यावरून होतं. तसं बघितलं तर इथेही पाण्यावरूनच झालं.)

एव्हनचं म्हणणं अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं होतं. मेंटेनन्स आम्ही भरतो, मग पाहुण्यांनी जास्त द्यावेत. खालच्या कोर्टाला ते पटलंही. पण १९७२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी निकाल लिहिला. फी घ्या, पण गावकरी आणि परका यांना एकच दर. कारण भरतीच्या रेषेखालची जमीन गावाच्या मालकीची नव्हेच, ती सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची आहे. पूर्वी हा हक्क मासेमारी आणि नौकानयनापुरता मानत. हॉलसाहेबांनी त्यात पोहणं, डुंबणंही आणलं. निकाल एकमताने झाला नव्हता हेही सांगायला हवं.

आता हे तत्त्व त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचं जे पाठ्यपुस्तक करवून घेतलं, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा सगळ्यांचा असं नोंदवलेलं आहे. आणि न्यू जर्सीत ते रुजलं कशावरून, तर कालवांवरून! पर्थ अँबॉयच्या अरनॉल्ड नावाच्या शेतकऱ्याने रॅरिटन नदीत आपल्या शेतासमोर कालवं पेरली. मंडी नावाच्या गृहस्थाने ती काढून नेली. अरनॉल्ड चोरी म्हणून ओरडला, पण १८२१ मध्ये कोर्ट म्हणालं, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथला तळ खाजगी मालकीचा नाही. पर्थ अँबॉय आमच्या एडिसनपासून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. त्या नदीवरच्या पुलावरून शेकडो मराठी माणसं रोज ऑफिसला जातात, मीही जातो. दरवेळी ती कालवं आठवतात.

पण निकालाने भांडण मिटलं नाही, नुसतं जागा बदलून बसलं. डील गावाने वाळूचा एक पट्टा फक्त रहिवाशांसाठी राखला, तो १९७८ मध्ये कोर्टाने मोकळा करवला. बे हेडमध्ये किनारा खाजगी संस्थेच्या ताब्यात होता, तिथे १९८४ मध्ये तेच झालं. मग दुसरे मार्ग. किनाऱ्याजवळच्या रस्त्यांवर पार्किंग फक्त रहिवाशांना, किंवा स्वच्छतागृहच नाही. बिल्ल्याचा दर सगळ्यांना सारखा, पण गाडी लावायची कुठे? २०१९ मध्ये राज्याने जनतेच्या ह्या हक्काला कायद्यातच जागा दिली, त्यामागे हाच सगळा अनुभव आहे.

माझं मत विचाराल तर फी असावी, पण तिचा हिशोब वाळूवर दिसावा. बारा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला. मात्र चार माणसांचं कामगार कुटुंब, दोन मोठी मुलं, आणि मिनिमम वेजवर राबणारा बाप, त्याला सारखा दर म्हणजे सारखा हक्क नव्हे. ह्याचं उत्तर हॉलसाहेबांच्या निकालात नाही.

ॲटलांटिक सिटी आणि वाइल्डवूडला वाळू अजून फुकट आहे. पुढच्या शनिवारी आम्ही वाइल्डवूडला गेलो, तब्बल दोन तास गाडी हाकत. गाडीत बसून राहिलेला मित्र सगळ्यात आधी पाण्यात शिरला. पार्किंगचे पैसे त्याच्याकडूनच घेतले.