भातातील खुजेपणा
भाताच्या खोडाची वाढ घडविणाऱ्या हॉर्मोनांच्या (संप्रेरकांच्या) निर्मितीत किंवा कार्यात आनुवंशिक बदल झाल्यामुळे झाड आखूड राहण्याचा प्रकार. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. एकाच उत्परिवर्तनाचा परिणाम सर्व वाणांत सारखा नसतो. वाणातील इतर जीन (आनुवंशिक लक्षणे ठरविणारे गुणसूत्रांवरील घटक), म्हणजेच त्याची आनुवंशिक पार्श्वभूमी, जशी असेल त्याप्रमाणे तो पालटतो. १९६६ नंतर आशियातील भातशेतीत पसरलेल्या खुज्या वाणांच्या इतिहासात हे विशेष स्पष्ट दिसते.

या इतिहासाचा आरंभ मात्र खुज्या झाडांपासून नव्हे, तर अवाजवी उंच रोपांपासून होतो. जपानी शेतकरी ‘बाकानाए’ (वेडे रोप) या रोगाशी परिचित होते. त्यात रोपे फिकट व उंच होऊन कोलमडतात आणि बहुधा दाणा धरीत नाहीत. हा रोग एका कवकामुळे (बुरशीमुळे) होतो. कवक ज्या द्रवात वाढविले तो द्रव गाळून रोपांना दिला, तरी ती तशीच उंच होतात, हे एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात दाखविले. तेइजिरो याबुता यांनी या द्रव्याला १९३५ मध्ये जिबरेलीन हे नाव दिले व १९३८ मध्ये त्याचे स्फटिक मिळविले. जिबरेलिने उच्च वनस्पती स्वतःही तयार करतात, हे पुढे सिद्ध झाले. तान-गिनबोझू या जपानी खुज्या भाताला बाहेरून जिबरेलीन दिल्यास तो उंच वाढतो. त्यामुळे हॉर्मोनाचे अत्यल्प प्रमाण मोजण्यासाठी त्याची रोपे वापरण्यात आली.

योगायोग असा की, शेतीला उपयोगी पडलेला खुजेपणाही तैवानातूनच आला. तेथील डी-जिओ-वू-जेन या आखूड वाणापासून ताइचुंग नेटिव्ह १ हा वाण १९५६ मध्ये प्रसारित झाला. फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्झ यांनी १९६२ मध्ये पेटा या इंडोनेशियातील उंच वाणाशी डी-जिओ-वू-जेनचा संकर केला. दुसऱ्या पिढीत उंच व आखूड झाडांचे प्रमाण ३ : १ असे मिळाले. अर्थात खुजेपणा एकाच अप्रभावी जीनामुळे येत होता. या संकरातून हेन्री बीचेल यांच्या निवडीने सिद्ध झालेला आयआर ८ हा वाण १९६६ मध्ये प्रसारित झाला. उंच वाणांना नायट्रोजनयुक्त खत अधिक दिल्यास ते लोळत. आयआर ८ उभा राहून ते खत दाण्यात उतरवी.

आयआर ८ चे श्रेय सामान्यपणे एकट्या खुजेपणाच्या जीनाला दिले जाते, ते अपुरे आहे. जोमदार वाढ व भरपूर फुटवे हे गुण पेटाकडून आले. उलट त्याचा दाणा खडूसारखा पांढुरका होता आणि करपा, टुंग्रो इ. रोगांना तो बळी पडे. हे दोष पार्श्वभूमीचे होते व ती बदलूनच ते दूर करता आले. १९७६ मध्ये प्रसारित झालेल्या आयआर ३६ मध्ये तोच जीन अनेक देशांतील वाणांच्या व एका रानटी भाताच्या वारशाबरोबर आला. महाराष्ट्रात आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरापासून वडगाव मावळ येथे तयार झालेला इंद्रायणी (१९८७) हा याच परंपरेतील होय.

हा जीन (एसडी १) नेमका कोणता, हे २००२ मध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तीन गटांनी दाखविले. तो जिबरेलीन बनविणारे एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) निर्माण करतो. डी-जिओ-वू-जेनमध्ये त्याचा ३८३ आधारक-जोड्यांचा तुकडा गळालेला आहे. एवढा मोठा बिघाड होऊनही झाड पूर्ण खुरटत नाही, कारण त्याच कुलातील दुसरा जीन विशेषतः फुलोऱ्यात कार्य करीत राहतो व दाणा भरण्यात उणेपणा येत नाही. तान-गिनबोझूमध्ये जिबरेलीन बनण्याची साखळी फार आधीच्या टप्प्यावर तुटते व तिची अशी भरपाई होत नाही. गॅमा किरणांच्या साहाय्याने मिळविलेले जपानचा रेइमेई व कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ ७६ हे वाणही एसडी १ मध्येच बदललेले निघाले. पण त्यांतील बिघाड सौम्य आहे. शिवाय जपोनिका गटातील भातात या जीनाचे मुळातच कमी क्रियाशील रूप प्राचीन काळापासून निवडले गेले होते, असे २०११ मध्ये आढळले.

सर्वांत लक्षणीय उदाहरण बांगला देशातील खोल पाण्यात वाढणाऱ्या भाताचे आहे. पूर आला की, त्याचे खोड एका दिवसात सु. २० ते २५ सेंमी. वाढून शेंडा पाण्यावर ठेवते. बुडालेल्या झाडात साठणाऱ्या एथिलिनामुळे एसडी १ चे विशिष्ट रूप उत्तेजित होते व जिबरेलीन वेगाने बनते, हे २०१८ मध्ये उघड झाले. ज्या जीनाच्या नाशाने आयआर ८ घडला, त्याच जीनाच्या अधिक क्रियाशीलतेवर येथे पीक जगते. ज्या शेतात पुराचे पाणी माणसाच्या उंचीहून वर चढते, तेथे खुजे वाण निरुपयोगी ठरतात.

खुजेपणाची किंमतही पार्श्वभूमीवर अवलंबून असते. जिबरेलीन कमी असल्यामुळे वाढ रोखणारे प्रथिन साचून राहते व ते नायट्रोजनाचे शोषणही मंदावते. म्हणून हे वाण खताला हपापलेले राहिले. जीआरएफ ४ या दुसऱ्या जीनाचे प्रबळ रूप अशा वाणात आणल्यास उंची फारशी न वाढता शोषण सुधारते, असे चिनी व ब्रिटिश शास्त्रज्ञांना २०१८ मध्ये दिसून आले. दुष्काळाच्या बाबतीत अडचण निराळी होती. उत्तर प्रदेशातील नगिना २२ या उंच वाणातील दुष्काळ सोसण्याचा एक गुण पहिल्या गुणसूत्रावर एसडी १ च्या अगदी शेजारी आहे. पैदाशीत खुजेपणा निवडताना तो शेजारी नकळत गमावला जाई. ही जोडी तोडून खुजेपणा व दुष्काळसहनशीलता एकत्र असलेली झाडे मिळाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.