परदेशी प्रवासी आणि यवतमाळची वाट

(नभोवाणीवरील भाषण)

प्रवासाचा इतिहास म्हणजे रस्त्यांचा आणि वाहनांचा इतिहास, असें आपण सामान्यतः समजतों. बैलगाडी मागें पडली, आगगाडी आली. आगगाडीच्या जोडीला मोटार आली, असा त्याचा क्रम आपण शाळेंत शिकलेला असतो. परंतु ह्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. वाहन दाराशीं उभें असलें तरी त्यांत कोणाला बसूं द्यावयाचें, त्याच्याकडून काय घ्यावयाचें आणि बसण्यापूर्वीं त्याला काय काय विचारावयाचें, हें ज्या कागदाच्या तुकड्यानें ठरतें, त्या तिकिटाची ही बाजू आहे. ती पाहण्यासाठीं आपण यवतमाळ जिल्ह्याची वाट धरूं आणि सोबतीला एक परदेशी प्रवासी घेऊं. कारण घरच्या माणसाला कोणतीही व्यवस्था सोयीचीच वाटते. तिची खरी पारख परक्या माणसाच्या अनुभवावरून होते.

यवतमाळला परदेशी माणूस कशाला येईल, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : कापूस. १८५३ सालीं निझामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. तेव्हां साहेबाची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. रिव्हेट-कार्नाक नांवाचा अधिकारी खास कापसाचा कमिशनर म्हणून ह्या भागांत हिंडत होता. मागोमाग रॅली ब्रदर्स ही ग्रीक घराण्याची पेढी आणि स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गांवची व्होल्कार्ट ब्रदर्स ही पेढी, ह्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारांत दिसूं लागले.

पण आगगाडीनें यवतमाळला बगल दिली. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोंचली, ती बडनेरा, धामणगांव, वर्धा अशी उत्तरेकडून गेली. यवतमाळच्या माणसाचें स्टेशन म्हणजे धामणगांव, आणि तेथून पुढें सुमारें तीस मैलांचा रस्ता. जिल्ह्याचें नांवसुद्धां १९०५ पर्यंत वणी असेंच होतें. मुख्य मार्गापासून असा आडबाजूला पडलेला जिल्हा रस्त्याच्या प्रवासावरच अवलंबून राहतो आणि तेथें येणाऱ्या परक्याची गांठ शेवटीं गाडीवाल्याशींच पडते.

त्याच्याही पूर्वींची स्थिति कशी होती? पेशवाईंत वाटेवरील चौक्या ओलांडतांना दस्तक दाखवावें लागे. तूं कोण, कोठून आलास, कोणाच्या ओळखीनें चाललास, हे प्रश्न आधीं आणि वाट नंतर. दुसरी अडचण नाण्याची. जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. इंग्रजी अमलांत नदीच्या अलीकडे कलदार रुपया चाले आणि पलीकडे निझामाच्या राज्यांत हाली सिक्का. साधारणपणें सहा कलदारांस सात हाली असा भाव असे. उमरखेडाकडून नांदेडास जाणाऱ्या वाटसरूच्या कनवटीला पैसे असूनही नदी ओलांडतांच ते पैसे मोडून घ्यावे लागत. ओळख आणि चलन ह्या दोन अडचणी श्रोत्यांनीं लक्षांत ठेवाव्या, कारण पुढें त्या पुन्हां भेटणार आहेत.

आतां 'बुकिंग' हा शब्द घ्या. आपण तो इतका मराठी करून टाकला आहे कीं त्याचा मूळ अर्थ आपण विसरलों. इंग्लंडांत घोड्यांच्या टपालगाड्या होत्या, त्या वेळीं प्रवाशाचें नांव कचेरींतील वहींत, म्हणजे बुकांत, लिहीत. म्हणून तें बुकिंग. आगगाड्या निघाल्या तेव्हां पहिल्यानें हीच रीत चालूं राहिली. पण गाडी भरून माणसें येऊं लागल्यावर कारकुनानें किती नांवें लिहावीं? १८३० नंतरच्या दशकांत टॉमस एडमंडसन नांवाच्या स्टेशनमास्तरनें ह्यावर तोड काढली. जाड पुठ्ठ्याचें लहानसें तिकीट, त्यावर आधींच छापलेला अनुक्रमांक आणि विकतांना यंत्रानें उठविलेली तारीख. नांवाची गरजच उरली नाहीं. हिंदुस्थानांतही आगगाडीबरोबर हेंच पुठ्ठ्याचें तिकीट रूढ झालें.

ही सुधारणा दिसण्यांत क्षुल्लक, पण परिणामानें फार मोठी होती. खिडकीवर पैसे टाकणारा ब्राह्मण आहे कीं महार, गांवचा आहे कीं परगांवचा, हें तिकिटावर लिहिलेलें नव्हतें. डब्यांत शिवाशीव पाळणारे लोक होते आणि वर्गांवर्गांत भेदही होते, हें खरें. परंतु एका वर्गाचें तिकीट सर्वांना एकाच दरानें आणि नांव न विचारतां मिळूं लागलें. दस्तकाच्या जुन्या मुलखांत ही गोष्ट नवीन होती.

यवतमाळला आगगाडी अखेर आली ती अरुंद रुळांची. किलिक निक्सन ह्या विलायती पेढीनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर ह्या तिच्या मार्गांचा हेतु उघड होता : कापूस मुख्य रुळांपर्यंत आणावा व तेथून मुंबई बंदरांतून मँचेस्टरला न्यावा. लोकांनीं ह्याच गाडीला पुढें 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलें. मँचेस्टरला बनलेलें वाफेचें इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होतें. शेवटच्या काळांत अवघीं सात माणसें सारी गाडी चालवीत. इंजिन सोडविणें, खुणा देणें आणि तिकिटें विकणें हें सर्व त्याच सात जणांकडे. कांहीं वर्षांपूर्वीं ती बंद पडली. वर्ध्याहून यवतमाळमार्गें नांदेडला जाणाऱ्या रुंद मार्गापैकीं वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला.

मध्यंतरींच्या काळांत मोटारीनें जिल्हा जोडला. आरंभीं ती खाजगी 'सर्व्हिस मोटार' होती. गाडी भरली म्हणजे सुटावयाची वेळ झाली, असा तिचा न्याय असे आणि माणूस पाहून भाडें सांगण्याची चाल होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें तिला परवान्याची वेसण घातली. १ जून १९४८ रोजीं मुंबई सरकारची पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. विदर्भ त्या वेळीं मध्यप्रांतांत असल्यामुळें नागपूरकडील सरकारी वाहतूक निराळी होती आणि मराठवाड्यांत निझामी राज्याची तिसरीच होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तिन्ही एकत्र आल्या आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हें नांव रूढ झालें. 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हें त्याचें ब्रीद आहे.

ह्या ब्रीदाचा खरा पाईक म्हणजे कंडक्टर. पत्र्याच्या ट्रेमध्यें रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, हातांत पंच आणि त्याची ती टकटक. दारव्हा, पुसद, पांढरकवडा, कोणत्याही गाडींत चढा, तो एवढेंच विचारणार : "कुठें जायचं?" कोण, हा प्रश्न त्याच्या शब्दकोशांतच नव्हता. १९५३ मध्यें यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था निघाली व १९८३ मध्यें ती पुण्याला गेली. त्या तीस वर्षांत तेथें येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यालाही यवतमाळच्या स्टँडवर ह्याहून अधिक कांहीं सांगावें लागत नव्हतें. भाषा येत नसली तरी गांवाचें नांव आणि हातांतली नोट एवढें भांडवल त्याला पुरे.

आतां आपण आपल्या काळाकडे येऊं. रेल्वेचें तिकीट घरबसल्या संगणकावर मिळण्याची सोय २००२ सालीं झाली. २००६ सालीं बेंगळूरला रेडबस ही कंपनी निघाली व तिनें खाजगी बसगाड्यांच्या रिकाम्या जागा एका पडद्यावर मांडून दाखविल्या. २०१६ पासून यूपीआय आली आणि बँकेंतले पैसे मोबाईलवरून क्षणांत देतां येऊं लागले. एस. टी. नेंही आपलें ॲप काढलें. ह्यापासून झालेला लाभ मोठा आहे. सणासुदीला स्टँडवरील रांगेंत उभें राहून जागा मिळेल कीं नाहीं ह्या धास्तींत रात्र काढणें किंवा खिडकींतून रुमाल टाकून जागा धरणें, हे प्रकार पुष्कळ कमी झाले. पुण्यांत शिकणाऱ्या यवतमाळच्या मुलीला आज आपली खुर्ची आधीं निवडतां येते आणि शेजारीं स्त्री-प्रवासी असावी अशीही सोय अनेक गाड्यांत पाहतां येते. त्याची थट्टा करणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु आपल्या परदेशी प्रवाशाचें काय? तो आजही येतो. कोणी पांढरकवड्याजवळ टिपेश्वरच्या अभयारण्यांत वाघ पाहण्यास येतो. कोणी अभ्यासक किंवा वार्ताहर म्हणून येतो, कारण ह्या जिल्ह्यांतील कास्तकाराच्या आत्महत्यांची वार्ता जगभर गेली आहे. २०१७ च्या हंगामांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन माणसें मेलीं. तो प्रश्न पुढें स्वित्झर्लंडपर्यंत गेला. दीडशें वर्षांपूर्वीं विंटरथूरची पेढी येथला कापूस न्यावयास आली होती. आतां त्याच देशांतली माणसें त्या कापसाची किंमत कोणी दिली हें विचारावयास येतात. अशा माणसाला यवतमाळपर्यंत येणें सोपें असावें, ह्यांत आपलाही स्वार्थ आहे. ज्याला येथें पोंचतां येत नाहीं, तो नागपूरच्या हॉटेलांत बसून आपल्याविषयीं लिहितो.

असा पाहुणा नागपूरच्या विमानतळावर उतरून मोबाईल उघडतो. ॲप प्रथम दहा आंकड्यांचा क्रमांक मागतें. त्याचा क्रमांक निराळ्या देशाचा. त्यावर येणारा 'ओटीपी' कधीं पोंचतो, कधीं पोंचत नाहीं. येथील सिमकार्ड घ्यावें तर पारपत्र आणि व्हिसा दाखवून तें सुरू होईपर्यंत थांबावें लागतें. पुढें पैसे देण्याची पाळी येते. त्याचें विलायती कार्ड पुष्कळदां नाकारलें जातें आणि यूपीआयला हिंदी बँकेंतलें खातें लागतें. माझ्या ओळखीच्या एका घरीं युरोपांतून एक विद्यार्थिनी आली होती. तिनें तीन वेळां कार्ड चालवून पाहिलें, तिन्ही वेळां नकार मिळाला. शेवटीं त्या घरच्या मुलानें आपल्या मोबाईलवरून तिचें तिकीट काढलें. मग गाडीवाल्याचा फोन आला तोही त्या मुलालाच, आणि गाडी कोठें थांबणार हें त्यानें सांगितलें तें असें : "पेट्रोल पंपाच्या पुढं, चहाच्या टपरीपाशी." नकाशावर अशी टपरी कोठें सांपडणार!

श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं ज्या दोन अडचणी पैनगंगेच्या काठीं होत्या, त्याच येथें नव्या वेषांत उभ्या आहेत. ओळख दाखवा, मग वाट. आणि तुमचें चलन आमच्या बाजूला चालत नाहीं. एडमंडसननें तिकिटावरून जें नांव पुसलें, तें मोबाईलनें पुन्हां वहींत लिहिलें. बुकिंग खऱ्या अर्थानें बुकिंग झालें.

ह्याला कारणें नाहींत असें नाहीं. कार्ड चोरून दुसऱ्याच्या पैशांवर खरेदी करणारे लोक आहेत; म्हणून २००९ पासून रिझर्व्ह बँकेनें घरबसल्या होणाऱ्या कार्डव्यवहाराला दुसऱ्या खात्रीची अट घातली, आणि ती अट आपल्याच ठेवीचें रक्षण करते. रात्रीच्या गाडींत कोण बसलें आहे हें ठाऊक असणें सुरक्षिततेलाही उपयोगी पडतें. २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें जी-२० देशांतून येणाऱ्या प्रवाशांसाठीं, आरंभीं ठराविक विमानतळांवर, यूपीआयची वाट मोकळी केली. म्हणजे अडचण सरकारच्या नजरेस आलेली आहे. परंतु परदेशी माणसाची पुरी ओळख सरकारनें व्हिसा देतांनाच करून घेतलेली असते. नागपूर ते यवतमाळ अशा तीन-चार तासांच्या प्रवासासाठीं ती पुन्हां प्रत्येक दुकानदारानें आपल्या पद्धतीनें मागावी, हें कांहीं आवश्यक नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ परदेशी माणसाचा नाहीं, हें मला विशेषेंकरून सांगावयाचें आहे. झरी-जामणीच्या पोडावरील कोलाम म्हातारा, ज्याच्याजवळ साधाही फोन नाहीं, किंवा मुलाच्या मोबाईलवर अवलंबून असलेली विधवा आई, हीं माणसें ह्या पडद्यापुढें तितकींच परदेशी आहेत. पाहुण्याच्या मदतीला शिकलेला यजमान तरी धांवतो. ह्यांच्यासाठीं कोण धांवणार? म्हणून ॲप अवश्य वाढावें, त्यांत पारपत्राच्या क्रमांकाला आणि परदेशी कार्डाला जागा व्हावी, थांब्याचें ठिकाण नकाशावर नेमकें दाखविलें जावें. पण त्याबरोबर स्टँडवरील खिडकी उघडी राहावी आणि गाडींत रोख पैसे घेऊन तिकीट देणारा कंडक्टर कायम असावा. कांहीं जागा ऐन वेळीं येणाऱ्यासाठीं राखून ठेवाव्या.

सुदैवानें एस. टी. त अजून ही सोय शिल्लक आहे. पंचाची टकटक जाऊन कंडक्टरच्या हातीं यंत्र आलें, तिकीट रंगीत कागदाऐवजीं पांढऱ्या पट्टीवर छापून येऊं लागलें. पण नागपूरच्या स्टँडवर यवतमाळची पाटी लावलेल्या गाडींत कोणीही, कोणत्याही देशाचा माणूस, पायरी चढून बसूं शकतो. शंभर-दीडशें वर्षांच्या खटपटीनें मिळालेला हा हक्क आहे. नव्या सोयीच्या आनंदांत तो आपल्या नकळत नाहींसा होऊं नये, एवढी जागरूकता आपण ठेवली पाहिजे.